अदृश्य मोकळी चिन्हे आणि नामसूचीची अकारविल्हे

संगणकावरील नामसूचीत डोळ्यांना न दिसणारे, पण अक्षराप्रमाणेच साठवले जाणारे एखादे चिन्ह नावाच्या आधी, नंतर किंवा मध्ये शिरले, तर त्या नावाची अकारविल्हेतील जागा बदलू शकते आणि वाचकाला त्याचे कोणतेही कारण यादीत दिसत नाही. शब्दांमधील साधी स्पेस, ओळीच्या शेवटी दोन शब्द विलग होऊ न देणारी नो-ब्रेक स्पेस, जागाच न व्यापणारी झीरो विड्थ स्पेस आणि अक्षरांच्या जोडणीला दिशा देणारा झीरो विड्थ जॉइनर ही या वर्गातील नेहमी आढळणारी चिन्हे होत. यांपैकी पहिल्या तिन्हींचा संबंध मोकळ्या जागेशी आहे. जॉइनर हा लेखनाचा घटक असून तो या पंगतीत बसतो तो केवळ अदृश्य असल्यामुळे.

युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो आणि अनुक्रम लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन नावांतील चिन्हांचे क्रमांक डावीकडून एकेक करून ताडून पाहणे. साध्या स्पेसचा क्रमांक ३२, रोमन मोठ्या ‘ए’चा ६५, नो-ब्रेक स्पेसचा १६०, देवनागरी ‘अ’चा २३०९ आणि झीरो विड्थ स्पेसचा ८२०३ आहे. त्यामुळे आरंभी साधी स्पेस असलेले नाव सर्व अक्षरांच्या आधी, यादीच्या माथ्यावर जाते. आरंभी नो-ब्रेक स्पेस असेल तर ते साध्या रोमन अक्षरांतील नावांच्या मागे, परंतु देवनागरी नावांच्या पुढे राहते. आणि झीरो विड्थ स्पेस असेल तर ‘अनंत’ हे नावसुद्धा ‘हेमंत’च्या खाली जाऊन पडते. काही मजकूर-फाइलींच्या आरंभी संकेतन ओळखण्यासाठी ठेवलेले ६५२७९ क्रमांकाचे चिन्ह वेळीच वगळले नाही, तर यादीतील फक्त पहिलेच नाव तळाशी जाते, आणि एकच नाव चुकल्यामुळे शंका येते ती टंकलेखकावर.

नावाच्या मध्ये किंवा शेवटी दडलेले चिन्ह अधिक फसवे असते. आडनाव आणि नाव एकाच रकान्यात असताना ‘देशमुख वसंत’ या नोंदीत चुकून दोन स्पेस पडल्या, तर दुसरी स्पेस कोणत्याही अक्षरापेक्षा लहान ठरून ही नोंद ‘देशमुख अनंत’च्याही वर सरकते, उलट एकमेव साध्या स्पेसच्या जागी नो-ब्रेक स्पेस आली, तर ती ‘देशमुख हेमंत’च्या खाली उतरते. आडनावाचा रकाना वेगळा असून काही ‘पाटील’ मंडळींच्या शेवटी स्पेस राहिली असेल, तर सगळे निर्मळ पाटील ‘अ’पासून ‘ह’पर्यंत संपतात आणि मग पाटलांची दुसरी मालिका पुन्हा ‘अ’पासून सुरू होते. अशा वेळी चिन्हांची संख्या मोजणे ही सोपी कसोटी होय: ‘पाटील’ची पाच चिन्हे सहा भरली, की दोष सापडला. मात्र सर्वच प्रणाली असे वागत नाहीत. एसक्यूएल या विदागारांच्या भाषेच्या जुन्या मानकानुसार तुलनेपूर्वी लहान शब्दाच्या शेवटी स्पेस भरून दोन्हींची लांबी सारखी केली जाते, त्यामुळे शेवटच्या स्पेसने तेथे फरक पडत नाही. हीच यादी दुसऱ्या प्रणालीत नेली की तो पडू लागतो.

युनिकोडच्या अनुक्रम-पद्धतीत कच्च्या क्रमांकांऐवजी प्रत्येक चिन्हाला टप्प्याटप्प्याने भार दिलेला असतो. झीरो विड्थ स्पेस आणि जॉइनर यांचा भार शून्य असल्याने ती तुलनेत येतच नाहीत. साधी स्पेस मोजायची की वगळायची, हे मात्र वापरणाऱ्याने ठरवायचे असते. हा प्रश्न संगणकापूर्वीचाच आहे, कारण ‘राम शिंदे’ हे ‘रामचंद्र’च्या आधी ठेवणारी शब्दवार रीत आणि स्पेस नाहीच असे मानून त्याला नंतर ठेवणारी अक्षरवार रीत, अशा दोन्ही रीती छापील सूचींत रूढ आहेत.

वेब पानांवरील तक्ते उचलून यादीत चिकटवताना नो-ब्रेक स्पेस हमखास सोबत येते, आणि एक्सेलमधील ‘ट्रिम’ हे सूत्र केवळ ३२ क्रमांकाची स्पेस काढत असल्याने ती तशीच राहते. झीरो विड्थ स्पेस तर युनिकोडच्या २००४ मधील ४.०.१ या आवृत्तीपासून मोकळ्या जागांच्या गटातून काढून मांडणीच्या चिन्हांत घातली गेली आहे; म्हणून मोकळी जागा छाटणारी पुष्कळ साधने तिला हात लावत नाहीत. यावर सरसकट सर्व अदृश्य चिन्हे पुसण्याचा जो उपाय सुचवला जातो, तो रोमन नावांना बहुधा चालतो, मराठीला चालत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’, ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा ऱ दोन प्रकारे टंकित होतो: २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ वापरून, किंवा २३५२ क्रमांकाचा ‘र’, हलन्त आणि जॉइनर एकापुढे एक ठेवून. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, पण क्रमांकानुसार लावलेल्या यादीत जॉइनरवाल्या गोऱ्ह्यांची मालिका आधी आणि ‘ऱ’वाल्यांची नंतर लागते. येथे जॉइनर पुसला तर ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते, आणि सामान्य शब्दांत ‘दऱ्या’चा ‘दर्या’. अर्थात डोंगरातून थेट समुद्रात. त्यामुळे मूळ नोंदीत नो-ब्रेक स्पेसच्या जागी साधी स्पेस घालणे, कडेच्या व दुबार स्पेस आणि शून्य रुंदीच्या स्पेस काढणे एवढेच करावे, जॉइनरची जोडणी मात्र पुसण्याऐवजी एकाच मान्य रूपात, शक्यतो ‘ऱ’च्या रूपात, बदलून घ्यावी; आणि याहून अधिक छाटणी आवश्यक वाटल्यास ती नावावर न करता केवळ तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या रकान्यात करावी.