कोयता, खाडा आणि संप्रेरके : एका शस्त्रक्रियेचा दीडशे वर्षांचा प्रवास

दिवाळी सरली की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागतात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे पाच महिने बीडकडच्या हजारो कुटुंबांचे ते घर असते. माझे बालपण याच पट्ट्यात गेले. त्या कोप्यांतील बायकांच्या देहालाही इतिहास असेल, हे मात्र एम.ए.ला येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आजचा थ्रेड त्या इतिहासाविषयी आहे. प्रारंभ बराच दूरवरून करावा लागेल, तेवढी सवलत वाचकांनी द्यावी.

ऑगस्ट १८७२. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रोम नावाच्या गावी रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने एका तरुण स्त्रीचे दोन्ही बीजांडकोश काढून टाकले. पाळीच्या काळात तिला असह्य त्रास होत असे. बॅटीचा तर्क सरळ होता : रजोनिवृत्तीनंतर हा त्रास थांबतो, तर ती निवृत्ती आपणच घडवून आणावी. रुग्ण वाचली आणि शस्त्रक्रियेचा बोलबाला झाला. जर्मनीत हेगार आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही त्याच सुमारास अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढील दोन-तीन दशकांत वेदना, अपस्मार, 'उन्माद' अशा नाना कारणांसाठी हजारो स्त्रियांचे बीजांडकोश काढले गेले. त्यांतील कित्येक पूर्णतः निरोगी होते.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की बीजांडकोश नेमके काय करतात हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पाळीचे नियंत्रण मज्जातंतूंमार्फत होते, असा सर्वसाधारण समज होता. तो मोडला १९०० च्या सुमारास, व्हिएन्नामध्ये. एमिल क्नाउअरने प्राण्यांचे बीजांडकोश मूळ जागेवरून काढून शरीरात अन्यत्र रोपण केले. मज्जातंतूंशी असलेला जुना संबंध तुटला होता, तरीही गर्भाशय सुकले नाही. याचा अर्थ, संदेश रक्तातून जात होता. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने अशा रासायनिक दूतांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा आशय 'चेतवणे' असा आहे आणि आपला 'संप्रेरक' हा शब्द तो आशय फार नेटकेपणाने पेलतो.

१९२३ मध्ये सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरांच्या बीजांडकोशांतील द्रव काढून तो बीजांडकोश नसलेल्या प्राण्यांना टोचला. त्यांच्यात माजाची लक्षणे परत आली. १९२९ मध्ये डॉइझीने अमेरिकेत आणि ब्युटेनांटने जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन हाती आले. पीयूषिका ग्रंथी या साऱ्यावर हुकमत चालवते, हे १९२०च्या दशकातच दिसले होते. पण त्या ग्रंथीला मेंदूतून हुकूम देणाऱ्या संप्रेरकाची रचना उलगडायला १९७१ उजाडले.

यातून जे चित्र उभे राहिले ते असे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संदेश सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात आणि बीजांडकोशात बीज असलेली पाण्याची बारीक पिशवी वाढू लागते. वाढताना ती इस्ट्रोजेन तयार करते व त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. एरवी इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवर घालत असते. परंतु त्याची पातळी सुमारे दोन दिवस उंच राहिली, की तेच इस्ट्रोजेन उलट तिला डिवचते. संप्रेरकाची एक मोठी लाट उसळते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडते. फुटलेल्या पिशवीचे पीतपिंड होते. ते जवळपास दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवून अस्तर सांभाळते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरते, संप्रेरके उतरतात, अस्तर गळून पडते. आपण ज्याला पाळी म्हणतो तो या साखळीचा केवळ शेवटचा दुवा. गर्भाशय हुकूम ऐकणारे आहे, देणारे नव्हे. ते काढले तर रक्तस्राव थांबेल, चक्र थांबणार नाही. बीजांडकोशही काढले तर मात्र इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोतच आटतो. तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बॅटीने १८७२ मध्ये नकळत नेमके हेच घडवले होते.

हे ज्ञान मराठीत नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यातील वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ऋतुस्राव, ऋतुनिवृत्ती या विषयांवर त्यात रीतसर नोंदी आहेत. त्याच वाई तालुक्यात भुईंजला साखर कारखाना आहे. विश्वकोशाचे कार्यालय आणि उसाचा फड एकाच तालुक्यात!

आता उसाकडे वळू. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच दशकात वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीतही सहकारी कारखानदारी रुजली आणि पुढे कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात कारखान्यांची दाटी झाली. सहकाराचा इतिहास आपण सभासद शेतकऱ्यांच्या बाजूने पुष्कळ लिहिला. तोडणीकामगार त्यात पाहुणा म्हणूनच येतो. बीडच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून मुकादम टोळ्या आणतो. हंगामापूर्वी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. हिशेब जोडीचा, त्यामुळे बायकोचा दिवस बुडाला तर जोडीचाच दिवस बुडाला. या बुडालेल्या दिवसाचा दंड म्हणजे खाडा. तो पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून समोर आले. पाळीपायी महिन्याचे दोन दिवस जरी गेले, तरी पाच महिन्यांचे दहा खाडे, म्हणजे पाच हजार रुपये. शिवाय फडात शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, आणि डोक्यावर उसाची मोळी.

अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेलेल्या बायकांना 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळत गेला. कर्करोगाची भीतीही घातली गेली. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, ते फेडायला पुन्हा कोयता. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. सुमारे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांची रीत भिन्न आहे, तरी एवढा फरक पाहणीच्या रीतीने पडत नाही.

शस्त्रक्रिया बीडमध्ये झाल्या, म्हणून चौकशी बीडमध्ये झाली. खाडा मात्र सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडांत लागत होता. मला या प्रकरणातील ही भौगोलिक विभागणी सर्वांत महत्त्वाची वाटते. दवाखाना एका जिल्ह्यात आणि त्याचे कारण दुसऱ्या जिल्ह्यात असले, की दोन्हीकडच्या कागदपत्रांत अर्धीच गोष्ट उरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती जोडून वाचावी लागते.

बॅटीच्या शस्त्रक्रियेची तुलनाही येथे जपून करायला हवी. बॅटीला संप्रेरके माहीत नव्हती, हा त्याचा बचाव म्हणता येईल. एकविसाव्या शतकातील डॉक्टरला तो बचाव नाही. आणि बॅटीच्या रुग्णेला निदान त्रासातून सुटका हवी होती. येथे कित्येकींना सुटका हवी होती ती खाड्यातून.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक ठरवण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. ती याचिका बिहार, राजस्थान आणि छत्तीसगढमधील घटनांतून आली होती.

पुढचा थ्रेड कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावर : ब्रिटिश काळातील कृष्णा कालवा, आणि या खोऱ्यात ऊस रुजला कसा.