पेयोटे निवडुंगाचे औषधपण

मेक्सिकोच्या उत्तर भागात आणि टेक्सासच्या दक्षिण सीमेवर, चुनखडीच्या रुक्ष भूमीत, पेयोटे नावाचा एक बुटका, बिनकाट्यांचा निवडुंग उगवतो. त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा त्याच्या उन्मादकारक गुणावरच खिळून राहिल्यामुळे, जखमेवरचे औषध म्हणून त्याचा जो जुना लौकिक होता, तो दीर्घकाळ अलक्षित राहिला.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस १५७० च्या दशकात मेक्सिकोतील वनौषधींची पाहणी करीत असता, पेयोटेची मुळी कुटून लावल्यास सांधेदुखी शमते, असे त्याच्या कानी आले व त्याने ते नमूद करून ठेवले. परंतु १६२० साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायासनाने, पेयोटेच्या साहाय्याने चोरीचा तपास लावणे वा भविष्य वर्तविणे हे सैतानी कृत्य ठरवून त्याच्या सेवनास जाहीरनाम्याने मनाई केली. डोंगराळ मुलखात या हुकुमाचा अंमल बेताचाच राहिला. मेक्सिकोतील हुइचोल या आदिवासी लोकांची पेयोटेसाठी विरिकुता या पवित्र भूमीची यात्रा आजही चालते. आणि तेथीलच ताराहुमारा हे आदिवासी लोक जखमा, भाजणे व सर्पदंश यांवर पेयोटे लावीत, असे प्रवासी कार्ल लुमहोल्ट्झ याने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या मेक्सिकोविषयक ग्रंथात लिहिले आहे.

रसायनशास्त्रज्ञांचे कुतूहलही त्याच उन्मादाकडे वळले. पेयोटेतील निरनिराळी अल्कलॉइडे स्वतः सेवन करून आर्थर हेफ्टर याने १८९७ साली दृष्टिभ्रमाचे कारण मेस्कलीन हेच असल्याचे सिद्ध केले, आणि १९१९ साली एर्न्स्ट श्पेट याने ते प्रयोगशाळेत तयार केले. आश्चर्य असे की, याच हेफ्टरने एका दुसऱ्या निवडुंगातून 'अनहालिन' नावाचे द्रव्य पूर्वीच वेगळे केले होते, आणि ते जवाच्या कोंबांतील हॉर्डेनीनच होय, हे श्पेटने त्याच १९१९ साली दाखवून दिले. तथापि जखमा बऱ्या करण्याच्या लोकसमजुतीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण त्या काळी कोणास दिसले नाही.

तो संबंध जुळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. १९६० साली अमेरिकेत मॅक्लिअरी व त्याच्या सहकाऱ्यांनी पेयोटेच्या अर्काने पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूंची वाढ रोखली जाते, असे दाखवून त्यातील प्रभावी द्रव्यास 'पेयोकॅक्टिन' हे नाव दिले. आणि १९७० साली ते द्रव्य म्हणजे हॉर्डेनीनच होय, हे प्रसिद्ध झाले.

या शोधातून रुग्णालयात वापरावे असे प्रतिजैविक निपजले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परीक्षानळीतील गुण आणि रोग्याच्या देहातील गुण यांत मोठे अंतर असते. तरीही ताराहुमारांच्या अनुभवाला काही भौतिक आधार असणे संभवनीय आहे, एवढे त्याने ठरले. मंदगतीने वाढणारा हा निवडुंग आज अतितोडणीमुळे संकटात आहे. हॉर्डेनीन मात्र जवातून मिळते, म्हणून त्याच्या पुढील संशोधनासाठी पेयोटेचे एकही रोप उपटण्याची गरज नाही.