पंखावरल्या फटीची कुळकथा

इसवी सन 1917 मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, गुस्ताव्ह लाखमान नावाचा एक तरुण जर्मन वैमानिक, वेग ओसरून हवेतल्या हवेत निसटलेल्या आपल्या विमानासह खाली कोसळला. आणि रुग्णालयात पडल्या पडल्या, आपल्याला भुईवर आणणाऱ्या त्या संकटाचाच तो विचार करू लागला. या संकटाला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. विमानाचे नाक वर उचलीत गेले, की पंख समोरून येणाऱ्या वाऱ्याशी अधिकाधिक तिरका होतो व काही मर्यादेपर्यंत त्याची धारणशक्ती वाढतही जाते. परंतु सुमारे 15 अंशांच्या पुढे वारा पंखाच्या पाठीवरून उखडतो, धारणशक्ती एकाएकी ढासळते, आणि विमान जमिनीजवळ असले तर सावरण्यापुरती उंचीही शिल्लक राहत नाही. ओटो लिलिएंटाल यांच्यासारखा उड्डाणविद्येचा आद्य उपासक 1896 च्या ऑगस्टात याच रीतीने बळी पडला होता.

लाखमानला सुचले ते असे, की पंखाच्या पुढील कडेलगत लांबट फट ठेवली, तर खालचा वारा तिच्यातून वेगाने वर येऊन पाठीवरच्या थकल्या प्रवाहाला नवे बळ देईल. पेटंट कचेरीने त्याचा अर्ज नामंजूर केला, कारण फट पाडलेला पंख अधिक भार उचलील ही गोष्ट तेथील अंमलदारांना पटेना. पुढे ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या देखरेखीखाली प्रयोग होऊन त्याचे म्हणणे खरे ठरले, तेव्हा कोठे त्याचा हक्क मान्य झाला. दरम्यान इंग्लंडात फ्रेडरिक हँडली पेज स्वतंत्रपणे त्याच फटीपाशी येऊन पोहोचले होते. नुकत्याच एकमेकांशी लढलेल्या दोन राष्ट्रांतल्या या दोघांनी दाव्यांत आयुष्य न दवडता करारनामा केला, आणि लाखमान पुढे हँडली पेज यांच्याच कंपनीत रुजू झाला, ही घटना मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

फट सदैव उघडी ठेवली तर एरवीच्या उड्डाणात ती वेगाला जाच करते. म्हणून हँडली पेज यांच्या कारखान्यात अशी एक सुटी पट्टी सिद्ध झाली, जी नेहमीच्या उड्डाणात वाऱ्याच्या दाबाने पंखाला चिकटून राहते, आणि कोन वाढताच पंखाच्या कडेवर उत्पन्न होणाऱ्या ओढीने आपणहून पुढे सरकून फट मोकळी करते. तिला ना मोटार लागते, ना वैमानिकाचा हुकूम. ज्या वाऱ्याकडून संकट यायचे, त्याच्याकडूनच खबर घेऊन ती बंदोबस्त करते. स्वयंचलित यंत्रांच्या साऱ्या इतिहासात याहून निर्मळ कल्पना मला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ व जोधपूर येथे ज्या टायगर मॉथ विमानांवर आपल्याकडचे वैमानिक घडले, त्यांच्या वरच्या पंखावर हीच पट्टी असे.

तथापि ही फट स्टॉलला लांबणीवर टाकते, त्याचा उच्छेद करीत नाही. अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी वेगळी वाट धरली: 1937 मध्ये प्रथम उडालेल्या त्यांच्या एरकूप या दोन आसनी विमानात शेपटीचे आडवे सुकाणू 13 अंशांहून अधिक वर वळतच नसे, त्यामुळे चालकाने चाक छातीपर्यंत ओढले तरी विमान स्टॉलमागून येणाऱ्या गिरकीत सापडत नसे, आणि 1940 मध्ये सरकारी दाखलाही तसाच मिळाला.

आजच्या कित्येक छोट्या विमानांत, वेग फार उतरताच वा कोन धोक्याच्या हद्दीत जाताच, स्वयंचालकाची मोटार दांडा हलकेच पुढे ढकलते. वाऱ्याची खबर घेण्याची तिची रीत पट्टीच्या घराण्यातली, आणि हात आवरण्याची वाइक यांच्या. मात्र वैमानिकाने जोर लावला तर ती मोटार हार मानते, आणि अंमल त्याच्याकडेच राहतो. तो तसाच राहावा.