ब्रीदर
शहरांतील खाजगी खोल्या बैठका व इतर कामांसाठी हव्या तेवढ्या वेळापुरत्या भाड्याने देणारी कॅनडातील कंपनी. ज्यूलियन स्मिथ आणि कॅटरिना रिझी यांनी ती २०१२ मध्ये माँट्रिऑल येथे स्थापन केली. को-वर्किंगच्या जागेत अनेकजण एकाच दालनात बसतात. ब्रीदरमध्ये मात्र संपूर्ण खोली एकाच ग्राहकाला मिळे. कंपनी व्यापारी इमारतींतील जागा दीर्घ मुदतीच्या कराराने घेई, तेथे टेबल-खुर्च्या, सोफा व वायफाय यांची सोय करी आणि तासांच्या हिशोबाने ती पुढे भाड्याने देई. आरक्षण मोबाइल ॲपवरून होई. दार उघडण्याचा संकेतांकही त्यावरच मिळत असल्याने स्वागतकक्षाची गरज नसे. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, लंडन इ. शहरांत कंपनीचा विस्तार झाला.

जागामालकांना द्यायचे भाडे ठरलेले, तर ग्राहकांकडून येणारे उत्पन्न अनिश्चित, हा या व्यवसायातील मुख्य धोका होता. २०२० मधील कोविड महासाथीत बैठका थांबल्या आणि तो उघड झाला. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने ४०० हून अधिक जागा बंद करण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये अमेरिकेतील इंडस्ट्रियस या कार्यालये भाड्याने देणाऱ्या कंपनीने ब्रीदरचे नाव व आरक्षणप्रणाली विकत घेतली.