तुटलेल्या प्रवाहाची ठिणगी

पाठीवरच्या फवारणी पंपाचे छोटे इंजिन दोरी ओढताच सुरू होते. त्याला बहुधा बॅटरी नसते. मग स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडणारे हजारो व्होल्ट येतात कुठून?

चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. १८३६ मध्ये आयर्लंडमधील मेनूथ येथील प्राध्यापक व धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी लोखंडी गाभ्यावर जाड आणि बारीक तारेची वेटोळी गुंडाळली. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड दाब निर्माण होई. म्हणजे ठिणगी प्रवाह चालू असताना नव्हे, तुटताना मिळते! पुढे पॅरिसच्या रूमकॉर्फने हे वेटोळे सुधारले. त्याला ५०,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले, नावही त्याचेच रूढ झाले. कॅलन मागे पडले.

१८६० मध्ये लेन्वारने अशाच वेटोळ्याने आपले गॅस इंजिन पेटवले; पण त्याला बॅटरी लागे. बॉश कंपनीच्या होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवून ती गरज संपवली.

आजच्या छोट्या इंजिनात फ्लायव्हीलमधला चुंबक कॉइलजवळून फिरतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. म्हणूनच दोघांमधली सुमारे पाव मिलिमीटरची फट महत्त्वाची. ती वाढली किंवा गंज चढला, तर ठिणगी दुबळी होते. कॉइल बदलण्यापूर्वी प्लग तपासा, बंद करण्याच्या स्विचची तार सोडवून पाहा. ठिणगी परतली, तर कॉइल निर्दोष!