नमनाची जागा : अण्णा भाऊ साठे आणि कलावंताचे ऋण

परंपरेने माणसाच्या माथी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मांडली. ज्यांच्या श्रमावर गाव उभे असते, त्यांचे ऋण या हिशेबात कोठेच येत नाही. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या वाङ्मयाविषयी लिहिताना समीक्षेने 'बांधिलकी' आणि 'प्रचार' या संज्ञा बहुधा आलटून पालटून वापरल्या. त्यामुळे हा लेखक नेमके कोणाचे देणे फेडतो आणि ते कोणत्या रूपात फेडतो, हा प्रश्न मागेच राहिला.

वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेल्या अण्णा भाऊंचा शाळेशी संबंध नाममात्र होता. लिहिण्याचे प्रयोजन त्यांना गवसले ते मुंबईच्या कामगारवस्तीत, चळवळीच्या सहवासात. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या आरंभीच्या गणात गणेशवंदना असते. अण्णा भाऊंनी तेथे मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले, गौळणही वगळली. हा केवळ वंद्य बदलण्याचा प्रकार नव्हे. पारंपरिक गणात कलावंत खेळ निर्विघ्न पार पडावा म्हणून याचना करतो. येथे तो मागत नाही, आपण कोणाचे देणे लागतो ते बोलून दाखवतो. परतफेड आशयाच्या आधी रूपबंधातच सुरू होते, ती अशी.

'फकिरा' (१९५९) या कादंबरीत हे ऋण अधिक गुंतागुंतीचे होते. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये बाळंतिणीला दिले, अशी हकीकत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, कादंबरीच्या रचनेशी तिचे नाते आहे. दुष्काळात धान्य लुटून वाटणारा आणि ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी अखेर इंग्रजांच्या स्वाधीन होणारा हा नायक मुळात दाता आहे. लेखक त्याला कथन परत देतो. ही कृती अर्पण केली आहे तीही बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला, म्हणजे पुन्हा एका साधनाला. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मात्र कृतज्ञता ही प्रेरणा म्हणून कितीही थोर असली, तरी व्यक्तिचित्रणाला ती नेहमीच मानवते असे नाही. फकिराच्या मनात मोहाला, संशयाला फारशी जागा उरत नाही. ऋणको लेखकाला धनकोचे दोष दिसू नयेत, तसे काहीसे येथे झाले आहे.

म्हणूनच 'स्मशानातील सोनं' ही कथा या कादंबरीशेजारी ठेवून वाचावयास हवी. तिच्यातील भीमा कोणाचा उपकारकर्ता नाही. खाण बंद पडल्यामुळे तो प्रेतांच्या अंगावरील सोने उकरून संसार चालवतो. लेखक त्याला गौरवीत नाही, दोषीही ठरवीत नाही. जे घडते ते पुरते पाहतो. ज्या वस्तीने अक्षर दिले तिला आरतीऐवजी अशी नजर परत करणे, हे अण्णा भाऊंचे अधिक अवघड आणि अधिक टिकाऊ देणे होय. प्रेताच्या जबड्यात अडकलेली भीमाची बोटे कापावी लागतात, आणि त्यानंतर बातमी येते ती खाण पुन्हा सुरू झाल्याची.