"डॉक्टर, याचे हार्मोन्स तपासा"

माझा दवाखाना एपीएमसी मार्केटच्या जवळ आहे. पहाटेच्या भाजीच्या गाड्या खाली झाल्या की दहाच्या सुमारास माथाडी मंडळी कंबर आणि गुडघे दाखवायला येतात. त्यातले एक जुने पेशंट मागे मुलाला घेऊन आले. मुलगा आठवीत. महिनाभर रोज सकाळी पोटात दुखतं, म्हणून शाळा बुडते. रविवारी मात्र दुखत नाही. पोट तपासलं, काही सापडलं नाही. मग मुलाला बाहेर बसवून वडील हळूच म्हणाले, "डॉक्टर, याचे हार्मोन्स तपासा. चालणं-बोलणं नाजूक आहे. शाळेत पोरं बायल्या म्हणतात. परवा दप्तर गटारात टाकलं."

पोटदुखीचं कारण कळलं. पण दप्तर फेकणारी पोरं वेगळी आणि रक्त तपासायचं याचं, हे कसं? चिडवणं जुनंच आहे. त्यावर 'आजार' हा शिक्का मात्र आम्ही डॉक्टरांनी मारला. म्हणून आज थोडा इतिहास.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहितेत कलम ३७७ घातलं आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरले. १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने जर्मन भाषेत एक ग्रंथ काढला आणि त्याच गोष्टीला मनोविकाराच्या यादीत बसवलं. गुन्हेगाराचा रोगी झाला. त्यापुढची कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेत विजेचे झटके, हार्मोन्सची इंजेक्शनं असे 'उपचार' चालले. त्याने कुणी बदललं नाही, माणसं मात्र खचली.

याच काळात मुंबईत एक गणिताचा प्राध्यापक वेगळं बोलत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, पदरमोड करून, चालवलं. लोक लाज वाटेल असे प्रश्न पत्राने विचारत, कर्वे सरळ उत्तर छापत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचेही होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील कसं, असा त्यांचा सवाल होता. विकृती असेलच तर ती ज्ञानानेच जाईल, असंही त्यांनी मांडलं आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. डॉक्टर नसलेल्या दोन माणसांना तेव्हा जे दिसत होतं, ते आमच्या पुस्तकांत यायला पुढे पाऊण शतकाहून जास्त काळ लागला.

मी एमबीबीएसला होतो तेव्हा न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात समलैंगिकता विकृतींच्या धड्यात होती. आम्ही पाठ केलं, मार्क मिळवले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका कॉलेजच्या मुलाला मी "लग्न झालं की ठीक होईल" असं सांगितल्याचं आठवतं. तो परत आला नाही.

तोवर जग पुढे गेलं होतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी, आपल्याला विषय नीट कळावा म्हणून, स्वतः मानसशास्त्रज्ञाचं सत्र घेतलं आणि तसं उघड सांगितलं. मला हे फार आवडलं. त्या खटल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'बदलून दाखवतो' छापाचे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरी त्याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात जुना मजकूर पुन्हा डोकावला. आरडाओरड झाली, आठवड्याभरात मागे घेतला. जुनी पुस्तकं सहजासहजी मरत नाहीत!

शाळांमध्येही थोडं काम झालंय. २००८ पासून मुंबईच्या पालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींशी मुलग्याची कामं कोणती, मुलीची कोणती, मारामारी का होते, यावर वर्गात खेळ आणि चर्चा घेणारा 'जेम्स' नावाचा उपक्रम झाला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'कोरो' त्यात होत्या. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात बाईबरोबर पालेभाजी निवडणारा पुरुष दाखवला. आमच्या भाजी मार्केटात ढिगाने भाजी निवडणारे सगळे पुरुषच, त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही.

त्या वडिलांना मी सांगितलं: नाजूक असणं, कुणाविषयी आकर्षण वाटणं आणि स्वतःला मुलगा की मुलगी समजणं, या तीन वेगळ्या गोष्टी. पहिल्यावरून दुसरी-तिसरी ओळखता येत नाही आणि तिन्हींपैकी एकही आजार नाही. वाढ वयाप्रमाणे आहे, रक्त तपासायची गरज नाही. पण मूल गप्प झालं, जेवण-झोप उडाली, 'जगून काय करू' म्हणालं तर थांबू नका, लगेच दाखवा. १४४१६ या टेली-मानसच्या फोनवर कधीही बोलता येतं.

मुलाला आत बोलावलं. तो म्हणाला, "मधल्या सुट्टीत कुणीतरी सर बाहेर उभे राहिले तरी पुरे." मी लेटरहेडवर वर्गशिक्षकांना चार ओळी लिहिल्या: मुलाची तब्येत उत्तम आहे, वर्गात त्याला मारहाण होते, कृपया लक्ष द्यावे. वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"डॉक्टर, यावर तुमचा शिक्का मारा."